धाकट्या राणीसाहेबांचं कपाळ

सतरंजीवर पाच तसबिरी होत्या. चार धड होत्या, एकीचा खालचा डावा कोपरा उडालेला. त्यांत माणसंही पाचच: आऊसाहेब, थोरल्या राणीसाहेब, धाकट्या राणीसाहेब, आक्कासाहेब आणि बाळराजे. बायका चार. तिघींची कपाळं मोकळी, एकट्या आक्कासाहेबांच्या कपाळावर कुंकू, कारण राजे गेले तेव्हा त्यांच्या या बहिणीचा नवरा हयात होता. पाचही जण पांढऱ्यात. बाळराजांचा फेटासुद्धा पांढरा. ऋताने एकेक तसबीर उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला झिलई नव्हती. खरबरीत चिनी मातीत दाबून उमटवलेला परदेशी कारखान्याचा शिक्का तेवढा होता, पाचांवर सारखाच.

तिच्या पणजोबांनी, दत्तोपंतांनी, या तसबिरी केल्या होत्या. घाटमाथ्यावरच्या नागझरी संस्थानचे राजे ऐन उमेदीत वारले आणि दरबाराने दुखवट्यातल्या राजघराण्याची चित्रं सांगितली. कागदावर नकोत, कापडावर नकोत. गगनबावड्याच्या बाजूला जो पाऊस पडतो त्यात कागदाला बुरशी धरते आणि कापड कुजतं. चिनी मातीवर काढून भट्टीत भाजलेलं चित्र मात्र पावसाला भीक घालत नाही. मग मुंबईहून गवतात गुंडाळलेल्या कोऱ्या पाट्या आल्या, परसात छोटी भट्टी बांधली गेली, आणि दत्तोपंतांनी दोन संच केले. एक दरबारात गेला आणि संस्थानाबरोबर कुठे नाहीसा झाला, कुणाला ठाऊक नाही. दुसरा घरी राहिला. तेव्हापासून मंगळवार पेठेत या घराला कुणी आडनावाने ओळखत नाही. तसबिरवाले म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडतो.

लहानपणी ऋताला वाटायचं, पणजोबांनी पांढरा रंग किती सुरेख लावलाय. रसायनशास्त्र शिकल्यावर तिच्या ध्यानात आलं, की पांढरा रंग त्यांनी लावलेलाच नाही. लुगड्यांच्या चुण्या करड्या रेघांनी दाखवल्या होत्या, आणि बाकीचं लुगडं म्हणजे पाटीची स्वतःची पांढराई. ही गोष्ट तिने सगळ्यात आधी बाबांना सांगितली होती. बाबा तसबिरीसमोर जाऊन उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "म्हणजे म्हाताऱ्यानं दुखवटा रंगवलाच नाही. तेवढी जागा सोडली."

उद्या बाबांचं कार्य होतं. सुतक फिटलं होतं. या घरच्या रीतीप्रमाणे पाची तसबिरी धुऊन पुसून पाटावर ओळीने मांडायच्या, शेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा, आणि मग त्याच्या बायकोला धाकट्या राणीसाहेबांसमोर बसवून, घरातल्या वडील विधवेने ओल्या फडक्याने तिचं कुंकू पुसायचं. इतर घरांत हे आधीच उरकतात. तसबिरवाल्यांकडे ते कार्याच्या दिवशी होतं, राणीच्या साक्षीने.

आईच्या कपाळावर अजून कुंकू होतं.

"ही घे," ताईआत्या चिंचेच्या कोळाची वाटी आणि रांगोळीची पुडी घेऊन आली. बाबांची ही थोरली बहीण. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली ती इथलीच झाली. ऋताच्या आईची बाळंतपणं, आजारपणं, ऋताची शाळा, सगळं तिच्या अंगावरून गेलं होतं. "आधी चिंच चोळ, मग रांगोळीनं घास. आरशासारख्या झाल्या पायजेत."

"चिंच नको, आत्या."

"का गं?"

"वरचा रंग म्हणजे एक काचच असते. शिसं घालून केलेली. आंबटाने ती हळूहळू सुटते. माझा प्रकल्प त्याच्यावरच होता, भांड्यांच्या झिलईतून शिसं किती सुटतं त्याच्यावर."

"आमची समई चिंचेनं लखलखती आणि राणी विरघळती व्हय?" ताईआत्या खाली बसली. "मी फ्रॉकात होते तेव्हापासनं घासतीया. विरघळली असती तर आज तू कुणाला पुसत बसली असतीस?"

ऋताने वाटी बाजूला सरकवली आणि मऊ फडकं पाण्यात पिळून घेतलं. ताईआत्याने तिच्याकडे पाहिलं, पण भांडली नाही. भाऊ गेल्यापासून तिचा आवाज उतरला होता. तिने फक्त बजावलं, "आक्कासाहेबांस्नी शेवटी हळदीकुंकू लाव. बाकीच्या तिघींना चुकून बोट लागू देऊ नको."

दुपारी माणसं पुढच्या सोप्यात जमली. विश्वजितकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, स्वयंपाक्याशी फोनवर बोलत होता. त्याची बायको क्रांतीकाकू कागदावर पानांचा अंदाज लिहीत होती. ती एका शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरातही हजेरी घेतल्यासारखी बोलायची. आई भिंतीला टेकून बसली होती. कुणी काही विचारलं की तेवढ्यापुरती मान वर करायची.

गडहिंग्लजहून धैर्यशीलमामा आला. एका हातात आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात दुकानाचा पुडा. तांदूळ खाली ठेवून तो बहिणीजवळ टेकला, आणि काय बोलावं ते न सुचून त्याने पुडाच सोडला. आत दोन साड्या होत्या. एक पांढरी, बारीक काठाची. एक डाळिंबी.

"दोन कशापायी?" ताईआत्याने विचारलं.

"त्याचं असं झालं बघा, ताई." मामाने टोपी मांडीवर ठेवली. "दुकानदार म्हणला, दुखवट्याची का? म्या म्हणलं, व्हय. त्यानं पांढरी काढली. घरी न्हेली तर कारभारीण म्हणली, पांढरी न्ह्याल तर माघारी येऊ नगा. म्हणून परत जाऊन ही घेतली. पयली माघारी घ्यायला त्यो तयार न्हाय. आता तुमच्या घरची रीत, तुमीच बघा."

कुणाला तरी हसू आलं असतं, पण आईने डाळिंबी साडीवर हात ठेवला होता. नुसता ठेवला होता. ते सगळ्यांनी पाहिलं.

"वहिनी," क्रांतीकाकू कागद मिटून म्हणाली, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगतेय. शिरोळकडच्या एका गावाने अख्ख्या ग्रामसभेत ठराव केला, की असलं काही करायचं नाही. मी शाळेत त्याच्यावर मुलांचं भाषण बसवलंय. आपण शहरात राहून फडकं घेऊन बसायचं?"

"ठराव गावाचा," ताईआत्या म्हणाली. "घराचा कुणी केला?"

"घराचा आज करू."

"कर की. विश्वजित, तुझी बायको सभा घेतीया. हात वर कर."

"मी मधी पडत न्हाय," काका म्हणाला आणि फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं, हे ऋताला फोनच्या काळ्या पडद्यावरून दिसलं.

ताईआत्या आईकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं. "अनुजा, मला काय हौस हाय का? तू बोल. तुला काय वाटतं ते बोल."

आई हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांनी आणलेली पुडी अजून अर्धी आहे."

दर शुक्रवारी ऑफिसातून येताना बाबा अंबाबाईच्या देवळाकडून यायचे. कुंकू संपत आलं की डबी बघून स्वतःच पुडी आणायचे. आईने कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटची पुडी त्यांनी दवाखान्यात जायच्या आधल्या आठवड्यात आणली होती.

"ती संपेपर्यंत लावावं म्हणते," आई म्हणाली. "पुढचं पुढे."

ताईआत्याच्या तोंडावर काहीतरी हललं आणि परत थांबलं. "मलाबी माझ्या नवऱ्यानं बांगड्या भरल्या होत्या," ती म्हणाली. "नव्या होत्या. आईनं मला हितं आणून राणीसाहेबांसमोर बसवलं आणि म्हणाली, बघ, ही राणी होती. हिनं पुसलं. तू कोण? मी त्या तसबिरीकडं बघितलं आणि कपाळ पुढं केलं. रडले न्हाई. एवढ्या वर्षांत कुणाच्या मंगळागौरीला गेले न्हाई, कुणाच्या ओटीला हात लावला न्हाई. राणीनं केलं ते आपण केलं म्हणून झोप लागायची मला. आता तू म्हणतीस, पुडी अर्धी हाय. मग मी काय केलं ते सांग मला."

आईने डाळिंबी साडीवरचा हात काढून घेतला.

पाहुण्यांना चहा द्यायला क्रांतीकाकू आत गेली, ती बऱ्याच वेळाने आली. येताना आईच्या शेजारी बसली आणि आवाज खाली घेऊन बोलली, पण ऋता जवळच होती. "वहिनी, एक सुचवू का? उद्या इचलकरंजीची माणसं येणार आहेत. आमच्या पोरीच्या स्थळाची. जुन्या वळणाची आहेत. उद्यापुरतं ताईंच्या मनासारखं होऊ दे. परवापासून तुम्ही लावा, मी स्वतः लावीन तुम्हाला."

"मघाशी ठराव मांडत होतीस," ऋता म्हणाली.

"तुझं लग्न ठरवायला बसलो की कळेल तुला," काकू म्हणाली. ते टोचून म्हटलेलं नव्हतं. तिला खरंच लाज वाटत होती.

मामा मात्र आता सरसावून बसला. जो माणूस 'तुमच्या घरची रीत' म्हणत आला होता, तो क्रांतीकाकूला म्हणाला, "वैनी, कापड बदलून मिळंल. माणसाचं तोंड बदलून मिळत न्हाय. माझ्या भणीला उद्यापुरती इधवा करणार व्हय तुमी?"

त्यावर काका फोन खिशात घालून म्हणाला, की आवाज खाली ठेवा, शेजारी ऐकतायत. आणि सगळे एकदम गप्प झाले, जणू शेजाऱ्यांनीच निकाल दिला.

ऋता उठून तसबिरींकडे गेली. घरची रीत, घरची रीत. तिने मनातल्या मनात मोजलं. दत्तोपंतांची बायको नवऱ्याआधी, सवाष्ण गेली. तिच्यामागून घरात सून आली ती आजी, बाबांची आई. ती आली तेव्हा दत्तोपंतही हयात नव्हते. राणीसमोर कुंकू पुसलं ते फक्त आजीचं, आणि पुढे आजीने पुसलं ते ताईआत्याचं. इतकंच. रीत दोन बायकांची होती.

खिडकीतून उतरतं ऊन आडवं येत होतं. पुसलेल्या तसबिरी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या झिलईवर उजेड पाण्यासारखा सरकत होता. आऊसाहेबांच्या कपाळावरून तो अखंड सरकला. थोरल्यांच्या कपाळावरूनही. आक्कासाहेबांच्या कुंकवावर किंचित उंचवटा होता, तिथे उजेड जरासा अडला आणि पुढे गेला. धाकट्या राणीसाहेबांच्या दोन भुवयांमध्ये मात्र तो विझला. तिथे एक ठिपका निस्तेज होता. समोरून पाहिलं तर दिसत नव्हता, आडव्या उजेडातच दिसत होता.

ऋताने तसबीर कलती केली, सरळ केली, पुन्हा कलती केली. मग तिने बॅगेतून खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक काढला. त्याच्या काचेवर मोजपट्टी कोरलेली होती.

ठिपका गोल होता. व्यास दोन मिलिमीटर. कडेने त्वचेच्या रंगावर बारीक ओरखडे होते, सगळ्या दिशांनी, गोल गोल घासल्यासारखे. आणि मधोमध, ओरखड्यांच्या खोबणीत, तीन लाल कण.

तिने ते ओल्या कापसाने पुसून पाहिले. मग स्पिरिटने. मग नखाने. वरून लावलेलं कुंकू पहिल्याच पुसण्यात गेलं असतं. हे हलले नाहीत. रंगाच्या काचेत वितळून बसले होते, आक्कासाहेबांच्या कुंकवासारखेच. दत्तोपंतांनी कुंचल्याने काढून भट्टीत भाजले होते. बाकी दोघींच्या कपाळांवर तिने पुन्हा काच लावली. तिथे ठिपका नव्हता, ओरखडे नव्हते, लाल नव्हतं.

"काय बघतीस एवढं?" ताईआत्या मागे उभी होती.

"कपाळ." ऋताने जपून विचारलं, "आत्या, हिच्या कपाळावर कधी काही होतं?"

"तिच्या? तिच्या कपाळानं मला रडवलं बघ लहानपणी." ताईआत्याचा स्वर जरा सैल झाला. "कोण कामवाली बाई होती कुणास ठाऊक, आक्कासाहेबांना लावता लावता हिलापण कुंकू लावायची. अमावास्येला तसबिरी काढल्या की हिचं कपाळ आपलं लाल. आई नुसती संतापायची. विधवेला कुंकू लावलं म्हणून तीन बायका कामावरनं काढल्या तिनं. आणि मला बसवायची, घास म्हणायची. चिंच लावून, रांगोळी लावून, राख लावून. जाता जात नव्हतं. पुढच्या अमावास्येला परत लालसर. दोन-तीन वर्षं घासलं असेल. मग एकदाचं स्वच्छ झालं. आईनं मला त्या दिवशी पेढा दिला."

ती हसली आणि आत गेली. ऋताने हातातली तसबीर सतरंजीवर ठेवली ती दोन्ही हातांनी, सावकाश, जणू अजून भट्टीतून बाहेर येते आहे.

आई स्वयंपाकघरात घनसाळ निवडत होती. ऋताने तिला सगळं सांगितलं. ठिपका, ओरखडे, कण, स्पिरिट, आणि पेढा. सांगताना तिचा आवाज चढत गेला. "म्हणजे राणीने पांढरं नेसून कुंकू लावलेलं होतं, आई. तशीच ती पणजोबांसमोर बसली. आजीला वाटलं कुणी चुकून लावलं. घराची रीत म्हणजे एक चूक आहे. मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना दाखवते."

"नको."

"का?"

आईने तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "ताईंना काय सांगशील?"

"जे आहे ते."

"काय आहे? की राणीचं कुंकू तुम्ही घासून काढलंत आणि मग त्याच राणीकडे बघून तुमचं पुसलं. हेच ना?" आई तिच्याकडे न बघता बोलत होती. "तुझ्या वेळी मला ताप भरला होता. माझं दूध आटलं तेव्हा ताई रात्रभर तुला घेऊन बसायच्या. त्यांच्याजवळ झोप लागण्यापुरती ती एकच गोष्ट आहे. ती तू काढून घ्यायची नाहीस."

"आणि तुझं?"

"माझं काय. पुडी कुठे पळून जात नाही." तिने परातीत हात फिरवला. "शपथ घालत नाही मी. पण सांगू नकोस."

ऋताला शास्त्रात एवढंच शिकवलं होतं, की निष्कर्ष मिळाला की तो मांडायचा. कुणापुढे मांडायचा नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी माणसं यायच्या आधी ती पाट मांडत होती, तेव्हा ताईआत्या आंघोळ करून आली. हातात पितळी वाटी आणि धुतलेलं फडकं. ते तिने पाटाशेजारी ठेवलं आणि ऋताकडे पाहत राहिली.

"काल त्या नळीतनं बघितल्यापासनं तुझं तोंड उतरलंय."

"काही नाही, आत्या."

"तुझ्या आईला विचारलं, तीपण म्हणाली काही न्हाई. आणि पदर सारखा केला. ती बाई खोटं बोलली की पदर सारखा करती, मला आजचं न्हाई माहीत." तिने हात पुढे केला. "आण ती नळी."

"आत्या..."

"सांगू नको. तुला सांगू नको म्हणलंय, दिसतंय मला. मला डोळे हाईत."

ऋताने सूक्ष्मदर्शक दिला. कसा धरायचा ते दाखवलं. आधी आक्कासाहेबांवर ठेवला, मग थोरल्यांवर, मग धाकट्यांवर. क्रम तिने बदलला नाही आणि तोंडातून शब्द काढला नाही.

ताईआत्याने डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.

"हे लाल कसलं?"

ऋता गप्प राहिली.

"पाण्यानं जात न्हाई?"

"नाही."

"कशानंच?"

"भाजलेलं आहे, आत्या."

ताईआत्याने नळी खाली ठेवली. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला, एकदा, दोनदा, जणू बोटांत अजून रांगोळीची कच आहे. "म्हणून जात नव्हतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "म्हणून जात नव्हतं." मग उठली, तुळशीपाशी जाऊन उभी राहिली, आणि माणसं यायला लागली तरी तिथून हलली नाही.

कार्य झालं. विश्वजितकाकाने पिंडदान घाटावर आटोपलं आणि सगळे घरी आले. सोपा भरला. इचलकरंजीची माणसं भिंतीलगत मांडी घालून बसली. पाटावर पाच तसबिरी आणि सहावा बाबांचा फोटो. त्यात बाबा हसत होते, कारण तो सहलीतला होता आणि दुसरा चांगला सापडला नव्हता. आई येऊन समोर बसली. तिने पांढरी साडी नेसली होती. मामा दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होता. क्रांतीकाकूने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

ताईआत्या पुढे आली. तिने वाटीतल्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं. आईने डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

फडकं गेलं ते तसबिरीकडे. धाकट्या राणीसाहेबांचं कपाळ तिने हलक्या हाताने पुसलं, कोरड्या टोकाने टिपलं, आणि हात मागे केला.

"ऋता, हिराची काडी आण. केरसुणीची नको, देवघरातली, नवी. आणि तुझ्या आईची डबी."

ऋताने दोन्ही आणलं. ताईआत्याने काडीचं टोक डबीतल्या मेणात टेकवलं, कुंकवात टेकवलं, आणि श्वास रोखून दोन भुवयांच्या मधोमध ठेवलं.

"ताई," क्रांतीकाकू कुजबुजली, "विधवेच्या तसबिरीला..."

"होतंच तिथं. मी घासलेलं हाय." ताईआत्याने डबीचं झाकण लावलं. तिने पितळी वाटी उचलली, दारातून अंगणात ओतली, आणि परत येताना आईच्या समोर क्षणभर थांबली. "अनुजा, ऊठ. डोळे उघड. पानं घ्यायला लाग, पावणं खोळंबल्यात."

आई उठली नाही लगेच. मामाने चौकटीकडे तोंड फिरवलं. विश्वजितकाका सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघराकडे गेला आणि पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन आला. त्याने आजपर्यंत या घरात पान मांडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. इचलकरंजीच्या म्हाताऱ्या बाई क्रांतीकाकूला म्हणाल्या, "तांदूळ घनसाळ हाय का हो? वास लागलाय." मग पानं वाढली आणि माणसं जेवायला बसली.

उन्हं कलल्यावर घर रिकामं झालं. आईने साडी बदलली होती, डाळिंबी नेसली होती. ती ताईआत्याजवळ बसली आणि काही न बोलता डबी उघडून पुढे धरली. ताईआत्याने डबीत पाहिलं.

"मला नको," ती म्हणाली. "आता लावलं तर खाज सुटंल. तूच संपीव."

आईने डबी मिटली नाही. उघडीच दोघींच्या मधे ठेवली.

ऋताने तसबिरी भिंतीवर लावायच्या आधी शेवटचं मोजून घेतलं. सूक्ष्मदर्शक आक्कासाहेबांवर ठेवला, मग धाकट्या राणीसाहेबांवर. मग पट्टी घेऊन आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "हलू नको."

आक्कासाहेबांचं कुंकू दोन पूर्णांक एक मिलिमीटर. धाकट्या राणीसाहेबांचं दोन पूर्णांक चार. आईचं नऊ.